दोंडाईच्याच्या बाईची विचारपूस

आमच्या आईला कुठल्याही घराची माहिती काढायला एक चहा पुरतो. सोयरीक ठरवायच्या आधी त्या गावी जाऊन घराची विचारपूस करायची आपल्याकडे रीत आहे, आणि असोद्यात हे काम लोक आईवर सोपवतात. त्या कामाचे तिचे नियम आहेत. ज्यांची माहिती काढायची त्यांच्या घरात पाऊल टाकायचं नाही. स्टँडवर उतरायचं, टपरीवर चहा सांगायचा, मग पिठाच्या गिरणीत जायचं, आणि शेवटी त्या घराच्या जरा अलीकडे कुणाकडे तरी पाणी मागायचं. कशासाठी आलो ते सांगायचं नाही. सगळे नुसतं गोडच बोलत असले तर ती अर्धा चहा टाकून उठते. "बठ्ठा गोड बोली ऱ्हायनात, म्हंजे काहीतरी दपाडी ऱ्हायनात," म्हणते, म्हणजे काहीतरी लपवतायत. सासू तापट आहे, पोरगा सकाळी उशिरा उठतो, अशी एखादी बारीक खोट कोणी सांगितली की तिचा जीव भांड्यात पडतो. खोट सांगणारा माणूस खरं बोलतो, असं तिचं म्हणणं.

परत येऊन ती 'द्या' म्हणाली की लोक सुपारी फोडतात, 'नको' म्हणाली की विषय संपला. वडील गेल्यावर तिच्याकडे मिरवण्यासारखं एवढंच उरलं होतं. अक्कांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं गाव म्हणतं, आणि ते ऐकलं की ती उगाच पदर नीट करते. पुढे जे झालं त्यात नुसता पैसा गेला असता तर मी इतकी चिडले नसते. पैसा काय, आज जातो, उद्या येतो.

मी जळगावात राहते, एका शाळेत गणित शिकवते, आणि स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आई म्हणते, मी पाळण्यातसुद्धा बसून झोपायचे. धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत, अजून बिनलग्नाचा. म्हणजे असोद्याला आईकडे चक्कर मारायची ती मीच. शाळा सुटली की स्कूटी त्या रस्त्याला लागते, कधी भाजी घ्यायला, कधी नुसती तिची कटकट ऐकायला.

मागच्या उन्हाळ्यात तिला एक व्हिडिओ फोन आला. पलीकडे वर्दीतला माणूस, मागे साहेबी खुर्ची. तो म्हणाला, तुमच्या आधारवर कुणीतरी सीम काढलंय, त्या सीमवरून बायकांना घाणेरडे फोन गेलेत, तुमच्या नावावर गुन्हा दाखल झालाय, फोनसमोरून उठायचं नाही. आई उठली नाही. गॅसवर वरण होतं, ते जळून कोळसा झालं, तरी उठली नाही. शेजारीण विरजण मागायला आली आणि तिने तो काळा पडलेला कुकर बघून फोन हिसकावून बंद केला. पैसे गेले नाहीत, काही गेलं नाही. मी धावत पोचले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"अगं, तो पोलीस नव्हता. चोर होता," मी सांगितलं. एकदा सांगितलं, दहादा सांगितलं.

"चोर व्हई," ती म्हणाली. "पन मनं नाव त्याले कसं माहीत? मना नाववर कोन काय करी ऱ्हायना, कोन जाने."

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. फोन वाजला की ती उशीखाली घालायची. रेशन दुकानात अंगठा द्यायला जाईना. एका घरच्यांनी भुसावळला विचारपूस करायला बोलावलं, तर पाय दुखतात म्हणाली. पाय बिलकुल दुखत नव्हते. तिच्या मनाने घेतलं होतं की तिच्या नावाची दुसरी एक बाई कुठेतरी हिंडते आहे आणि ती वाईट चालीची आहे. अशा बाईने दुसऱ्याच्या घराबद्दल काय म्हणून सांगावं? मला हे बघवत नव्हतं. शिवाय मला रागही येत होता. ज्या बाईसमोर भलेभले पाटील चळाचळा कापायचे, ती एका भुरट्याच्या फोनने घरात कोंडून घेते म्हणजे काय!

मग मी मोबाइल घेऊन गच्चीवर येरझारा घालत शोधायला लागले. ओळख चोरीला जाऊ नये म्हणून लक्ष ठेवणाऱ्या कंपन्या असतात, हे मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं. तुमचं आधार, पॅन, बँक कुठे वापरलं जातंय यावर त्या नजर ठेवतात, काही झालं तर लगेच कळवतात. कंपन्या भरपूर, आणि प्रत्येक स्वतःला एक नंबर म्हणवणारी. त्यात एक वेबसाइट सापडली. ती काही विकत नव्हती. ती नुसती तुलना करत होती. 'आम्ही कुणाच्याही बाजूचे नाही', 'खऱ्या ग्राहकांचे खरे अनुभव', असं वर मोठ्या अक्षरात. खाली तक्ता, तारे, गुण, प्रत्येक कंपनीचे फायदे आणि उणिवा. आणि सगळ्यात खाली लाल चौकटीत: खोट्या वेबसाइटपासून सावध राहा. मराठी जरा खडबडीत होती, पण सरकारी मराठी वाचून वाचून आपल्याला खडबडीत मराठीच खरी वाटायला लागली आहे.

मी आईला वाचून दाखवलं. एक नंबरच्या कंपनीखाली लोकांचे अनुभव होते. कोणी मुंबईचा, कोणी नागपूरचा. आई एकेकाला हाताने उडवत होती. "नुसता गोड बोलस. पुढला." मग एक बाई आली. हिरवी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहऱ्यावर ऊन. खाली नाव, आणि गाव दोंडाईचा. नाव मी इथे लिहीत नाही. त्या बाईचं नाव एकदा परक्याने वापरून झालं आहे, मी दुसऱ्यांदा कशाला वापरू? म्हणून या लिखाणात कुणाचंच नाव नाही.

त्या बाईने लिहिलं होतं: "माझ्या नावावर कुणीतरी सीम काढलं होतं. जेवण गोड लागत नव्हतं. या कंपनीमुळे आता मी निर्धास्त आहे. फोन थोडा उशिरा उचलतात, एवढंच."

आई सरळ होऊन बसली. "परत वाच."

मी परत वाचलं.

"दोंडाईचानी शे? ती तर मना माहेरकडनी." आईचं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं. लग्न होऊन असोद्याला येऊन जमाना झाला, पण तिने बोली सोडली नाही, आणि तिकडच्या माणसाचं नाव निघालं की चेहराच बदलतो. "आनि देख, फोन उशिरा उचलतस हाई बी सांगी दिधं तिनी. खोट सांगस, म्हंजे खरी बाई शे."

"मग घेऊया ही कंपनी?"

"आशी कशी लेशी? इचारपूस नको कराले?"

मला हसू आवरेना. वेबसाइटवरच्या शेऱ्याची विचारपूस करायला कोणी आगगाडीने जातं का? पण फोन आल्यापासून पहिल्यांदा आई आपणहून घराबाहेर पडते म्हणत होती. ती म्हणाली असती तर मी तिला पायी नेलं असतं.

रविवारी जळगावहून सुरतकडची पॅसेंजर धरली. अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा. माहेरचं स्टेशन आलं तेव्हा ती खिडकीला चिकटली आणि गाडी सुटेपर्यंत फलाट न्याहाळत राहिली. दोंडाईच्याला उतरलो आणि तिच्या अंगात वारं भरलं. टपरीवर चहा सांगितला, मोबाइलमधला फोटो अंगठ्याने अर्धा झाकून दाखवला. टपरीवाल्याने बाई लगेच ओळखली. बचत गटात आहे, मिरचीचा मसाला करून विकते, स्वभावाने खरी. गिरणीत बायका म्हणाल्या, देण्याघेण्यात चोख, पण तोंडाची जरा फटकळ. आईने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. खोट मिळाली होती.

शेवटी त्या गल्लीत एका घरी पाणी मागितलं. ओट्यावर बसून समोर बघते तो काय, ती बाई दिसतच होती! अंगणात मिरच्या पसरलेल्या, डोक्याला फडकं बांधून ती देठं खुडत होती. फोटोतलीच, फक्त घामाघूम.

"आई, जाऊन सरळ विचारू ना तिलाच," मी उठलेच.

आईने माझा दंड धरून खाली बसवलं. "बठ खाले. तिले इचारीसन काय मियनार? सोताबद्दल कोनी खरं सांगस का?"

"अगं, पण तीच तर..."

"मी इतल्या सोयरीक जमाडी, एकदा बी त्या घरना मानूसले इचारं नही. तू माले शिकाडू नको."

परतीची गाडी चुकेल म्हणून मीही हट्ट सोडला. पाणी देणाऱ्या बाईने विचारलं, कुठून आलात? नियमाप्रमाणे आईने काही सांगायला नको होतं, पण माहेरच्या मातीत ती जरा सैल पडली होती. "असोदाथीन," म्हणाली. गाडीत बसल्यावर तिने निकाल दिला. बाई खरी शे. तिना शब्दवर चालसूत.

ती बाई खरी आहे की नाही याची आम्ही गावभर खात्री करून घेतली. ते शब्द तिचे आहेत का, हे एका शब्दाने विचारलं नाही. रस्ता ओलांडायचा तेवढा राहिला.

त्याच आठवड्यात मी आईला त्या कंपनीत घातलं. वेबसाइटवरचं हिरवं बटण दाबलं की थेट त्यांच्या पानावर. आधार पुढून-मागून, पॅन, पासबुकचं पहिलं पान, आईच्या आईचं माहेरचं आडनाव. मग चेहऱ्याची ओळख: डावीकडे बघा, उजवीकडे बघा, हसा. फोटोत हसायचं म्हटलं की आई ओठ मिटते. "वरण जळतंय बघ," असं मी म्हटलं आणि ती खुदकन हसली. तो फोटो मशीनने लगेच घेतला.

सांगायला लाज वाटते, पण ते दिवस फार चांगले गेले. रोज सकाळी तिच्या मोबाइलवर संदेश यायचा: 'आज आपली ओळख सुरक्षित आहे.' ती तो चष्मा लावून वाचायची आणि मगच चहाला आधण ठेवायची. रेशनला जायला लागली, फोन उचलायला लागली. भुसावळचं ते काम अजून अडून होतं, तेही करून आली आणि पोरीच्या बापाला 'नको' म्हणाली. बाप नाराज झाला, तरी त्याने ऐकलं. आई पूर्वीची झाली होती आणि मी गच्चीवरच्या येरझारा कमी केल्या होत्या.

मग एका रविवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. हिरवी साडी, ठसठशीत कुंकू. दोंडाईच्याची बाई! बरोबर नवरा, हातात मसाल्याची पुडी आणि पेढ्यांचा खोका. आई इतकी हरखली की तिला खुर्ची द्यायचं सुचेना.

त्यांचं येणं आपल्या रीतीला धरूनच होतं. असोद्याची दोन माणसं आपल्या घराची माहिती काढून गेली, हे शेजारणीने त्यांना सांगितलं होतं. गावात परकं माणूस येऊन घराबद्दल विचारतं म्हणजे दुसरं काय असणार? त्यांची मुलगी लग्नाची होती. त्यांनी शोध घेतला, आमच्याकडे बिनलग्नाचा मुलगा असल्याचं कळलं, आणि घरी यायच्या आधी त्यांनीही स्टँडवर चहा घेतला होता. "तुमना गावमा तुमनं भलतं नाव शे, अक्का," ती बाई म्हणाली. आईने पदर नीट केला.

आईच्या डोक्यात सोयरीक नव्हतीच. तिला वाटलं, देवानेच ही बाई घरी पाठवली. मी पोहे करत होते, आतून ऐकत होते.

"ताई, तुमना भलता उपकार शे मनावर," आई म्हणाली. "तुमना शब्दवर मी मनं बठ्ठं त्यासना हातमा दिधं. आते माले झोप लागस."

"मना शब्दवर? कसाना शब्द?"

"ती ओळख सांभाळनारी कंपनी. फोन उशिरा उचलतस म्हनेत ना तुम्ही."

मी पोह्यांचा चमचा हातात घेऊनच बाहेर आले. काहीतरी बिनसलंय हे मला कळलं होतं, पण काय ते अजून कळत नव्हतं. मी वेबसाइट काढून मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने फोटो पाहिला, बोटाने मोठा केला. "हाई तर मीच शे. बचत गटना मेळावामा काढेल फोटू शे हाऊ. मसालानी जाहिरातमा लावेल व्हता." मग म्हणाली, "काय लिखेल शे? वाच व बेटा, मना चष्मा नही."

तिचेच म्हणून छापलेले शब्द मी तिला वाचून दाखवले. माझ्या नावावर सीम काढलं होतं. जेवण गोड लागत नव्हतं. आता मी निर्धास्त आहे.

"मी कवय बोलनी असं?" तिचा आवाज फाटला. "माले तर काहीच झायं नही!"

नवरा तिच्याकडे वळला. "तुना नाववर सीम? तू माले सांगं नही?"

"अहो, मी बोलनीच नही ना हाई! कोनी तरी लिखेल शे!"

तिला परक्या घरात, नवऱ्यापुढे शपथा घ्याव्या लागल्या. एरवी फटकळ म्हणून गाजलेली बाई रडकुंडीला आली होती. सोयरिकीचा विषय कुणी काढला नाही. पोहे तसेच राहिले. जाताना ती आईला म्हणाली, "अक्का, तुम्ही आंगनपावत वन्या व्हत्या. माले एकदा हाक मारती तर!"

रिक्षा गेली आणि मी मोबाइलवर तुटून पडले. आईचं आधार लॉक केलं, कार्ड बंद केलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून बँकेत गेलो, सायबर पोलिसांकडे गेलो. त्यांनी तक्रार नीट लिहून घेतली, समजावून सांगितलं: तुलना करणारी वेबसाइट आणि कंपनी, दोन्ही एकाच माणसांची असतात. अनुभव लिहिणारेही तेच. खात्यावर लक्ष ठेवा म्हणाले. चोरांपासून वाचायला आम्ही चोरांच्या हाती किल्ल्या दिल्या होत्या, त्याही गावाला विचारून. आणि रोज सकाळचा तो संदेश तक्रारीनंतरही येत राहिला: आज आपली ओळख सुरक्षित आहे. शेवटी मी तो संदेश येणारा नंबरच ब्लॉक करून टाकला.

आई मात्र खचली नाही, याचं मला नवल वाटलं. "चुकी मनी शे," एवढंच म्हणाली. "रस्ता वलांडाले पायजे व्हता." मला ती त्या दिवसांत माझ्यापेक्षा शहाणी वाटली. मीच वेडी झाले होते. वर्गात मुलांना उदाहरण दिलं की मी टेबलाखाली मोबाइल काढून ती वेबसाइट बघायचे. एक दिवस ती उघडेना. मला वाटलं, संपलं. पण माझं मन कुठे गप्प बसायला! शोधत राहिले, आणि दुसऱ्या नावाने, दुसऱ्या रंगात तीच वेबसाइट सापडली. तेच तारे, तीच लाल चौकट. एक नंबरला नवी कंपनी. खाली ग्राहकांचे अनुभव. दोंडाईच्याची बाई काढून टाकली होती. तिच्या जागी माझी आई हसत होती.

असोदा, जिल्हा जळगाव. आता मी निर्धास्त आहे. फोन थोडा उशिरा उचलतात, एवढंच.

मी वर्गाबाहेर आले आणि शाळेच्या नळावर तोंड धुतलं. मग पुन्हा तक्रार. पुन्हा पोलीस. तो फोटो तिथून हटवायला सांगतो म्हणाले, पण अशी दुकानं एक बंद केलं की दुसरीकडे उघडतात, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आईला मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते? तिच्या नावाची दुसरी बाई खरोखरच हिंडायला लागली होती, आणि चेहराही तिचाच होता.

पण गावात काही लपून राहत नाही. एका संध्याकाळी मी पोचले तर आई ओट्यावर, पायात चपला घालून, माझी वाट बघत. "फोटू दाखाड," म्हणाली.

"कसला फोटो?"

"मना फोटू. त्या वेबसाईटवरला."

झालं होतं असं की सकाळी स्टँडवर रावेरकडचा एक माणूस उतरला होता. केळीच्या गाडीवर बसून आलेला, वयस्कर, डोक्याला टोपी. टपरीवर चहा घेतला आणि मोबाइलवर एका वेबसाइटमधला फोटो दाखवून विचारलं, ही बाई इथली ना? बोलायला कशी आहे, खरी का? टपरीवाल्याला मोठं भूषण वाटलं. त्याने सांगितलं, अक्का कधी खोटं बोलणार नाहीत, जीव गेला तरी. बाकावरच्या लोकांनी माना डोलावल्या. चला, घर दाखवतो, असंही तो म्हणाला. माणूस म्हणाला, नको नको, घरी कशाला, तुम्ही सांगितलं तेवढं बस. आणि मिळेल त्या गाडीने परत गेला. टपरीवाला मग कौतुकाने आईला सांगायला आला, अक्का, रावेरपावेतो नाव गेलं तुमचं.

मी फोटो दाखवला. आईने आपलं हसू पाहिलं, मग मला शब्द वाचायला लावले. ऐकून झाल्यावर ती मोबाइलकडे नाही, रस्त्याकडे बघत राहिली. "त्यानी दिधं व्हई आते बठ्ठं," म्हणाली. "मना शब्दवर."

आम्ही रावेरला गेलो. मी नको म्हणत होते, पण घरात बसणं मलाही शक्य नव्हतं. केळी भरतात तिथे प्रत्येक ठिकाणी आई विचारत होती, असोद्याला गेलेला टोपीवाला आबा कोण? ट्रकवर घड चढवणारे हात थांबवून ऐकायचे आणि विचारायचे, नाव काय त्यांचं? नाव आम्हाला कुठे माहीत होतं! टोप्यांची तिथे वाण नव्हती. कोणी म्हणालं, कशाला शोधताय, सोयरीक आहे का? आई म्हणाली, हो, आणि ती खोटं बोलली हे मी माझ्या कानांनी ऐकलं. दुपारभर उन्हात फिरलो. तो सापडला नाही. परतीच्या एसटीत ती एकदाही टेकून बसली नाही.

असोद्याला उतरलो तशी ती घराकडे वळलीच नाही. सरळ टपरीवर गेली.

"भाऊ, यापुढे कोनी मनाबद्दल इचाराले वना ना, तर सांगजो, ती बाई लबाड शे."

टपरीवाला हसला. "अक्का, काय मस्करी करून राहिल्या!"

"मस्करी नही करस मी. लबाड शे म्हन. तिनावर इश्वास ठेवू नका म्हन. म्हनी दाखाड माले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "अक्का, मह्या पोरीची सोयरीक तुम्ही जुळवली," तो म्हणाला. "हे मह्या तोंडातून कसं निघीन?"

आईने काउंटरवरून त्याचं मनगट धरलं. "आखा गावमा एकानं, एकानं जरी त्याले सांगं असतं का ही बाई खोटं बोलस, तर तो मानूस वाची जाता रे भाऊ. म्हन."

दूध उतू चाललं होतं, पण त्याने ते उतरवलं नाही. खाली बघत, पुटपुटल्यासारखा म्हणाला, "अक्का लबाड आहे."

"जोरमा म्हन."

"अक्का लबाड आहे!"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मला तिथेच भोकाड पसरावंसं वाटलं. लहानपणी तिला कोणी उलट बोललं तर मी त्याला दगड मारायचे, आणि आता ती स्वतः हे मागत होती आणि मी पर्स धरून नुसती उभी होते. आईने त्याचं मनगट सोडलं, "आसंच सांगजो" म्हणाली आणि पुढच्या किराणा दुकानाकडे निघाली.